महालोचं उत्तर

शरणम्मा : महाळो.

धम्मप्रिया : 'ळ' नाही, मावशी. 'ल'. महालो.

शरणम्मा : 'ळ' बिगर भागतं व्हय त्येंचं?

धम्मप्रिया : भागतं. हवाईच्या भाषेत 'ळ' नाहीच. मुळात अक्षरंच थोडी आहेत. पुन्हा म्हणा बघू.

शरणम्मा : महाळ... न्हाय, पोरी. ह्यो शब्द नको. दुसरा बघ.

धम्मप्रिया : का? जमत तर आला होता.

शरणम्मा : जीभ सारखी 'महाळ'च म्हणायलीय. भादव्यात लोकं महाळ घालत्यात की, मेलेल्यांचं जेवण. आमच्यात न्हाय त्यो प्रकार, पर शब्द तर कानावर हाय. त्या बाईला थँक्यू म्हणायला गेले आन् तोंडातनं मेलेल्यांचं जेवण निघालं, असं नको व्हायला.

धम्मप्रिया : अहो, तिला कुठं मराठी कळतं?

शरणम्मा : मला कळतं न्हवं.

धम्मप्रिया : मग सरळ थँक्यू म्हणा. मलिया आजींना इंग्लिश चांगलं येतं, मला मेसेज इंग्लिशमधेच आलाय त्यांचा. नाहीतर तुम्ही आपलं मराठीत बोला, मी शेजारी बसून त्यांना सांगते. कॉलेजात पोरांना इंग्लिश शिकवते, एवढं तर जमेल मला.

शरणम्मा : तुझं जमंल ग. पर मला तिच्याच बोलीत म्हणायचंय. तुला सगळं कुटं म्हाईत हाय? तू गेल्या वर्साला वरच्या खोलीत भाड्यानं आलीस. माझा पोरगा गुरु त्येच्या आदीच गेला हुता.

धम्मप्रिया : तिकडं कुक होते आणि आजारानं गेले, एवढंच माहीत आहे मला. जास्त कधी विचारलं नाही.

शरणम्मा : इचारलं न्हाईस, बरं केलंस. आता सांगते, आइक. त्या मलियाबाईच्या घरात मागल्या बाजूची खोली घेऊन राहिला हुता त्यो. गावाचं नाव हिलो. एका सरदारजीच्या हॉटेलात भटारखाना त्येच्याकडं. फोन आला की अव्वा मी बरा हाय, अव्वा लई काम हाय. पोटात कॅन्सर झालाय ह्ये सांगिटलाच न्हाय. आमाला कळलं तवा पासपोर्ट काढायला निगालो, तर पासपोर्टाच्या आदी सरदारजीचाच फोन आला.

धम्मप्रिया : संपलं म्हणून?

शरणम्मा : संपलं म्हणून. फोन चनमल्लप्पा भाऊजींनी घेतला. ह्येंचे धाकटे भाऊ. सरदारजी इचारला, अग्नी द्यायचा का कसं? भाऊजी म्हणले, आमी लिंगायत, आमच्यात जाळत न्हायत, मातीत ठेवत्यात. आता तितं परक्या मुलकात माती कोण देनार? तर ही बाई म्हणली, माझ्या घरामागं आमच्या माणसांची जागा हाय, माझा मालक तितंच हाय, त्येच्या शेजारी ठेवू पोराला. आन् फोन हातात घेऊन इचारली, तुमच्यात निरोप देताना काय म्हणत्यात?

धम्मप्रिया : मग?

शरणम्मा : भाऊजी म्हणले, आमी भेटलो तरी आन् निगालो तरी 'शरणु शरणार्थी' म्हणतो. झालं. ती बाई, जिला आमचं काय बी म्हाईत न्हाय, गुरुच्या मातीपाशी हुबी राहून 'शरणु शरणार्थी' म्हणली. फोनवर मी आइकले. मधी अडकली, तर सोडली न्हाय. परत पयल्यापास्नं म्हणली. आता मला तिचा एक शब्द जड जातोय म्हणून थँक्यूवर भागवू व्हय?

धम्मप्रिया : नाही. नाही भागवायचं. म्हणा परत. महालो.

शरणम्मा : महा... लो.

धम्मप्रिया : बरोब्बर! आता 'नुई लोआ' जोडलं की 'फार फार आभार' होतं. महालो नुई लोआ.

शरणम्मा : एक पचू दे आदी.

धम्मप्रिया : कानडीत काय म्हणता हो तुम्ही थँक्यूला?

शरणम्मा : धन्यवाद म्हणत्यात की टीव्हीवर. घरात कोण म्हणतंय? ह्या सोलापुरात चार बोलीत तोंड चालवले बघ मी. घरात कानडी, बाजारात मराठी, समोरच्या विणकरीणबाईशी तेलगू, दूधवाल्या चाच्याशी त्येची बोली. 'जेवलीस का', 'ऊट आत', 'बागुन्नावा', 'कैसा है', सगळं येतं मला. थँक्यू मातर कुटल्याच बोलीत शिकले न्हाय. लागलंच न्हाय कधी.

धम्मप्रिया : कुणी काही दिलं, केलं, तर?

शरणम्मा : ल्हान असला तर 'सुखी र्‍हा' म्हणायचं. मोठा असला तर वाकून पाया पडायचं. संपलं.

धम्मप्रिया : मग मलिया आजींना 'सुखी राहा' म्हणा की.

शरणम्मा : ती माझ्यापरीस थोरली हाय ग. थोरल्या माणसाला आशीर्वाद कसा देऊ? आन् फोनमधनं पाया कसं पडू? म्हणून तर तुझ्या मागं लागलेय.

धम्मप्रिया : बरं बाई. आता सुरुवातीला काय म्हणायचं ते. अलोहा. अ-लो-हा.

शरणम्मा : अलोहा. ह्यो सोपा हाय. म्हंजे नमस्कार?

धम्मप्रिया : नमस्कार. आणि फोन ठेवतानाही तेच, अलोहा. आणि माया, जीव लावणं, त्यालाही तोच शब्द.

शरणम्मा : आल्यावर बी त्येच आन् जाताना बी त्येच?

धम्मप्रिया : हो.

शरणम्मा : मग दारातल्या माणसाला कळतं कसं, कोण आलंय आन् कोण चाललंय?

धम्मप्रिया : तोंडाकडं बघून कळत असेल. जय भीमचं तसंच आहे की आमच्यात. आलं तरी जय भीम, निघालं तरी जय भीम.

शरणम्मा : व्हय, आमच्या शरणार्थीचं बी तसंच हाय म्हणा. पर घरातलं माणूस निगताना 'होगि बर्तीनि' म्हणतं.

धम्मप्रिया : म्हणजे?

शरणम्मा : जाऊन येतो. 'जातो' असं नुसतं म्हणायचं नसतं. तुमी मराठीत जाताना 'येतो' म्हणता, आमच्यात दोनी म्हणत्यात. होगि म्हंजे जाऊन, बर्तीनि म्हंजे येतो. स्टेशनावर गाडी हलली तरी गुरु दाराला लोंबकळून म्हणत हुता, 'होगि बर्तीनि अव्वा, होगि बर्तीनि.' मी म्हणले, आत हो की आदी, पडशील.

धम्मप्रिया : मावशी...

शरणम्मा : निम्मंच केलं बघ त्यानं. होगि केला. बर्तीनि राहिलं.

धम्मप्रिया : आज नको वाटत असेल तर कॉल पुढं ढकलूया? मी मेसेज करते त्यांना.

शरणम्मा : न्हाय न्हाय. आज त्येचं वर्षाचं पुण्यस्मरण. सकाळी जंगमस्वामी येऊन गेले, पूजा झाली. आजच बोलायचं. किती वाजल्यात तितं?

धम्मप्रिया : आपली सकाळ म्हणजे तिथं संध्याकाळ. आणि तीसुद्धा कालची.

शरणम्मा : कालची म्हंजे?

धम्मप्रिया : इथं गुरुवार उजाडलाय ना? तिथं अजून बुधवार मावळतोय. ते आपल्यामागं आहेत.

शरणम्मा : म्हंजे... तितं आज त्येची तारीख न्हाय?

धम्मप्रिया : नाही. तिथं उद्या.

शरणम्मा : म्हंजे आपुन हितं पूजा घातलो, रडलो, समदं केलो, आन् तितं अजून ती तारीखच उजाडली न्हाय.

धम्मप्रिया : हो. तसंच म्हणायचं.

शरणम्मा : पोरी, त्या वर्साला बी असंच असंल की. मी हितं दुसऱ्या दिवसात उठले, दारात पाणी मारले, च्या केले. आन् तितं माझा गुरु अजून आदल्या दिवसात पडून हुता. जित्ता. मी फुडं निगून आले आन् त्यो मागं राहिला.

धम्मप्रिया : असा विचार नका करू हो.

शरणम्मा : करत न्हाय. येतोय त्यो. एकाद्या गाडीत बसून मागच्या दिवसात जाता येत असतं तर गेले असते, एवडंच मनात आलं. दुसरं काय न्हाय.

धम्मप्रिया : माझ्या आईचं बघा, मावशी. नातेपुत्यात बसलीय, दीपककडं, माझ्या भावाकडं. एसटीत बसलं की दुपारपर्यंत पोचते मी. पण पोचून उपयोग नाही. आमच्या नागूबाईला, म्हणजे आईला, आता काहीच आठवत नाही. मला म्हणते, तुमी कुणाच्या, बाई?

शरणम्मा : पोटच्या पोरीला?

धम्मप्रिया : पोटच्या पोरीला. दोन्ही हात धरून म्हणते, आई, मी धम्मप्रिया. तर म्हणते, लांबनं आलात, च्या घ्या. मग मी नुसतं म्हणते, जय भीम. की लगेच पाठ ताठ करते, हात जोडते आणि खणखणीत 'जय भीम' म्हणते. तेवढं गेलेलं नाही तिचं.

शरणम्मा : मग त्येवडं तर हाय की.

धम्मप्रिया : आहे. पण दारावर आलेल्या कुणालाही ती तसाच करते जय भीम. मला केलेला वेगळा कुठं आहे? मी मात्र तेवढ्यासाठी जाते. उंबऱ्यात जय भीम, निघताना जय भीम. मधे चहा.

शरणम्मा : जात र्‍हा. च्या पाजणारी हाय तंवर जात र्‍हा.

धम्मप्रिया : जाते हो. चला, वेळ होत आली. अजून काही विचारायचंय त्यांना? आधी सांगा म्हणजे इंग्लिश डोक्यात जुळवून ठेवते.

शरणम्मा : एक हाय. भाऊजी म्हणत्यात, इचार.

धम्मप्रिया : काय?

शरणम्मा : त्येला हिकडं आणता यील का. जे काय राहिलं असंल त्ये. हाडं तरी.

धम्मप्रिया : उकरून?

शरणम्मा : व्हय. अक्कलकोटकडं आमचं शेत हाय, तितं ह्येंची समाधी हाय, ह्येंच्या वडलांची हाय. भाऊजी म्हणत्यात, शिवलिंगप्पाचा पोरगा शिवलिंगप्पाच्या पायाशी पायजे. आन् तितं त्येला झोपवून ठेवलेत. आमच्यात बसवून ठेवत्यात, ध्यानाला बसल्यागत. भाऊजींना त्ये लई सलतंय.

धम्मप्रिया : आणि तुम्हाला?

शरणम्मा : मला न्हाय सलत. सारा जन्म चुलीम्होरं हुबा राहून काम केला पोरगा. झोपू दे की जरा.

धम्मप्रिया : ते नाही हो. इकडं आणायचं. तुम्हाला हवंय का?

शरणम्मा : मला काय हवंय म्हणून काय इचारतीस. शेतात जाऊन त्येच्या मातीवर हात ठेवता आला असता. सणासुदीला निवद दाखवता आला असता. मी बी फुडंमागं तितंच जानार, ह्येंच्या शेजारी. तिघं एका बांधावर झालो असतो. हवंय म्हंजे हवंयच की. पर तोंडानं इचारायला कसंतरी वाटतंय. जिनं जागा दिली तिला म्हणायचं, आता उकर.

धम्मप्रिया : बघू. तुम्ही म्हणाल तेव्हाच विचारीन. त्याआधी नाही.

(फोन वाजतो. शरणम्मा डोक्यावर पदर घेतात, धम्मप्रिया फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करते.)

मलिया : अलोहा! अलोहा, शरणम्मा! शरणु... शरणार्थी.

शरणम्मा : अय्यव्वा! शरणु अक्का, शरणु शरणार्थी. पोरी, अजून ध्यानात ठेवलीय बघ तिनं!

धम्मप्रिया : तुम्हीपण म्हणा की. अलोहा.

शरणम्मा : अलोहा, अक्का. अलोहा.

धम्मप्रिया : हसतायत बघा. म्हणतात, किती छान म्हणालात. आता महालो म्हणा.

शरणम्मा : थांब ग. आदी बघू दे तिला. केस समदे पांढरे झाल्यात, आन् कानावर फूल लावलंय. ग्वाड दिसती. जेवली का इचार.

धम्मप्रिया : विचारलं. म्हणतात, अजून नाही, आत्ता कुठं संध्याकाळ होतेय. आणि म्हणतात, गुरु कामावरनं आला की दारातनंच हे विचारायचा. त्यांना आधी वाटायचं, याला भूक लागलीय म्हणून विचारतोय.

शरणम्मा : तसला न्हवता त्यो. त्येच्या आजोबाची सवय ती. काय करून खायाचा तितं? भाकरी मिळायची का?

धम्मप्रिया : भाकरी नाही, पण शेंगाचटणी करायचा म्हणे. मलिया आजींच्या आईचा एक दगडी बत्ता होता, कंद कुटायचा. तो त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. गुरुनं मागितला आणि दिला. त्यानं कुटायचा चटणी, अंगणात बसून. लसणाचा वास गल्लीभर. अजून त्या करतात म्हणे अधनंमधनं, पण तिखट कमी घालून.

शरणम्मा : तिखट कमी घालून ती चटणी कसली! पर करती म्हणली न्हवं? बास.

धम्मप्रिया : आता म्हणतात, चला, दाखवते. घराच्या मागं निघाल्यात. मावशी, बघणार ना?

शरणम्मा : बघनार.

धम्मप्रिया : फोन हलतोय, जरा थांबा. पाऊस पडतोय तिथं. म्हणतात, इथं रोजच पडतो.

शरणम्मा : रोज? सोलापुरात घागरभर पाण्यासाठी बसून राहिलेला पोरगा माझा.

धम्मप्रिया : ते बघा. दगड दिसतोय का, काळा? त्यावर नाव आहे. गुरुराज शिवलिंगप्पा. वर चाफ्याचं झाड, पांढऱ्या चाफ्याचं. फुलं पडलीत सगळी त्याच्यावर.

शरणम्मा : दिसलं.

धम्मप्रिया : पलीकडचा दगड त्यांच्या मिस्टरांचा.

शरणम्मा : दिसलं, पोरी. जरा गप र्‍हा. गुरु. अव्वा आलीय बघ. हितनंच आलीय, पर आलीय.

धम्मप्रिया : मावशी, त्यांनी फोन खाली धरलाय, दगडाजवळ. म्हणतात, हात लावा.

शरणम्मा : ह्या काचेला?

धम्मप्रिया : लावा.

शरणम्मा : गार हाय. तिला इचार, लई तरास झाला का त्येला. पाणी कोण पाजलं. इचार.

धम्मप्रिया : म्हणतात, औषधं होती, दुखणं फार वाढू दिलं नाही. पाणी त्यांनीच पाजलं. शेवटी शेवटी इंग्लिश सगळं विसरला होता म्हणे. कानडीच बोलायचा. त्यांना एक अक्षर कळायचं नाही.

शरणम्मा : मग?

धम्मप्रिया : मग त्याही त्यांच्या जुन्या भाषेत बोलायला लागल्या, आईकडून शिकलेल्या. म्हणतात, इंग्लिश दोघांचंही उसनं होतं, त्याचं सुटलं तर मी कशाला धरून बसू. तो कानडीत बोलायचा, ह्या हवाईत. ओसरीवर तासन् तास.

शरणम्मा : काय बोलायचा? येकांदा शब्द तरी ध्यानात असंल तिच्या.

धम्मप्रिया : एक आहे म्हणतात. सारखा म्हणायचा. अव्वा. पाणी देऊ का, मावशी?

शरणम्मा : नको. फुडं सांग. रडायलीय का ती?

धम्मप्रिया : हो. सांगते. त्यांच्याकडं 'आवा' म्हणून एक पेय असतं. एका झाडाच्या मुळ्या कुटायच्या, पाण्यात कालवायच्या, गाळायच्या. मानाच्या पाहुण्याला देतात, जीव घाबरला तर देतात. गुरु 'अव्वा' म्हणाला की त्यांना वाटायचं, आवा मागतोय. त्या उठायच्या, कालवायच्या, करवंटीतनं घोटभर पाजायच्या. तो प्यायचा, आणि शांत व्हायचा. पुन्हा अव्वा म्हणाला, की पुन्हा. शेवटपर्यंत असंच. तो गेल्यावर सरदारजींनी सांगितलं, अहो, अव्वा म्हणजे आई.

शरणम्मा : यव्वा...

धम्मप्रिया : म्हणतात, मला माफ करा. पोरगा आईला बोलवत होता, आणि मी त्याला मुळ्यांचं पाणी देत राहिले.

शरणम्मा : तिला सांग... थांब, नीट सांग हं, एक शब्द सोडू नको. पोरगं अव्वा म्हणून हाक मारतं त्ये कशाला? घसा वाळलेला असतो, न्हायतर भ्या वाटलेलं असतं. हाक मारल्यावर कुणीतरी उठून येतंय का, एवडंच बघायचं असतं त्येला. तू उठलीस. दर येळी उठलीस. मी असते तर मी तरी काय येगळं केले असते? उठले असते, पाणी पाजले असते. त्यो अव्वाच मागत हुता, आन् त्येला अव्वाच मिळाली. चुकलं म्हणू नको. असं सांग.

धम्मप्रिया : सांगितलं. एक शब्द सोडला नाही.

शरणम्मा : काय म्हणती?

धम्मप्रिया : डोळे पुसतायत. आता... आता काहीतरी विचारतायत. मावशी, हे मोठं आहे. नीट ऐका.

शरणम्मा : सांग.

धम्मप्रिया : म्हणतात, आमच्या माणसांच्या या जागेत आता एकच कोपरा उरलाय. गुरुच्या डाव्या हाताला. घरातले म्हणतायत, तुझं वय झालं, तुझी जागा नक्की करून ठेव. पण मी ती कुणाला दिली नाही, स्वतःसाठीही धरली नाही. ती तुमच्यासाठी ठेवलीय.

शरणम्मा : माझ्यासाठी?

धम्मप्रिया : आईसाठी ठेवलीय म्हणतात. तुम्हाला कधी यायचं असेल, तर ती तुमची. आणि तुम्हाला गुरुला घरी न्यायचं असेल, तर तेही सांगा. तुमचा आहे तो, मी अडवणार नाही. लागेल ती सगळी धावपळ मी करीन. आणि दोन्ही नसेल, तर...

शरणम्मा : तर?

धम्मप्रिया : तर विचारतात, त्या कोपऱ्यात मी झोपले तर चालेल का तुम्हाला? त्या थांबल्यात, मावशी. सांगू का, विचार करून कळवतो म्हणून? चनमल्लप्पा काकांनाही विचारायला हवं.

शरणम्मा : पाऊस पडायलाय अजून?

धम्मप्रिया : हो.

शरणम्मा : आन् ती भिजत हुबी हाय?

धम्मप्रिया : उभ्याच आहेत.

शरणम्मा : तिला म्हणावं, माझी जागा ह्येंच्या शेजारी हाय, शेतात, बांधावर. ह्ये गेले तवाच नक्की झाली. मला दोनीकडं जाता येत न्हाय. लई वाटतं, पर येत न्हाय. गुरुच्या डाव्या हाताला तू झोप. कुशीला घेतल्यागत झोप. त्येला एकलं झोपायची सवय न्हाय, ल्हानपणापास्नं. ह्येवडं सांग.

धम्मप्रिया : सांगितलं, मावशी.

मलिया : महालो. महालो, शरणम्मा. महालो नुई लोआ.

शरणम्मा : अग, ती काय म्हणली? त्यो तर माझा शब्द हुता! मी म्हणायचा हुता त्यो. तीच कशी म्हणली?

धम्मप्रिया : तुम्ही जागा दिलीत ना तिला.

शरणम्मा : जागा तिची, माती तिची, मी काय दिले? आता मी काय म्हणू? तिनं म्हणल्यावर परत त्येच म्हणायचं असतं का?

धम्मप्रिया : नाही, त्याचं उत्तर वेगळं असतं.

शरणम्मा : मग त्ये शिकवलंस न्हाय की मला!

धम्मप्रिया : मला काय माहीत असं होईल! थांबा, वाचलंय मी. 'अओले पिलिकीया.' म्हणजे, त्रास काही झाला नाही.

शरणम्मा : त्ये कसं म्हणू? तरास तर झालाय.

धम्मप्रिया : मग तुमचं काय असेल ते म्हणा. त्या बघतायत तुमच्याकडं.

शरणम्मा : इरली, अक्का. इरली.

मलिया : इरली?

धम्मप्रिया : विचारतायत, म्हणजे काय? मलाही सांगा. कानडी आहे ना?

शरणम्मा : कानडी. कुणी लईच आभार मानाय लागलं की म्हणायचं, इरली. असू दे.

धम्मप्रिया : असू दे. बरं, सांगते त्यांना.

शरणम्मा : आन् भाऊजींनी जे इचारायला लावलं हुतं, त्ये आता इचारू नको. त्येला तितंच राहू दे म्हणायचं असलं, तरी बी आमच्यात इरलीच म्हणत्यात.